सांध्याचं चित्र आणि सांध्याचं काम

एखादं औषध लागू पडलं असं नेमकं कधी म्हणायचं? ताप उतरला, जखम भरली, साखर खाली आली, की उत्तर मिळतं. सांध्यांच्या आजारांत ते इतकं सरळ मिळत नाही. दुखणं आज असतं, उद्या कमी होतं, पावसाळी हवेत पुन्हा डोकं वर काढतं. सूज एका डॉक्टरांच्या बोटांना लागते, दुसऱ्यांच्या लागत नाही. म्हणून संशोधक पूर्वीपासून एखाद्या ठाम मापाच्या शोधात आहेत आणि गेल्या काही दशकांत एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय ही मापं पुढे आली. माझं म्हणणं असं, की उपचार यशस्वी झाला की नाही याचा निकाल चित्रावर सोडायचा असेल, तर ते चित्र रुग्णाच्या जगण्यातल्या कुठल्या फरकाशी बांधलेलं आहे हे आधी सिद्ध झालं पाहिजे. आणि ज्यांच्यावर ते वापरायचं त्यांच्यासारख्याच माणसांत सिद्ध झालं पाहिजे. ठाणे-नवी मुंबईत होणाऱ्या औषधांच्या ट्रायलसाठी, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांसाठी, हॉलंड-अमेरिकेतला पुरावा मला पुरेसा वाटत नाही.

मी हे डॉक्टर म्हणून लिहीत नाही. ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवलं, आता नेरूळला राहते आणि एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर, म्हणजे ट्रायलचे प्रस्ताव तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून बसते. क्लिनिकल ट्रायलसंबंधीच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. समितीसमोर येणारे प्रस्ताव गोपनीय असतात, त्यातलं काहीही इथे येणार नाही. मी बोलते आहे ते छापून आलेल्या अभ्यासांबद्दल. पण प्रस्ताव वाचता वाचता एक सवय लागली आहे. ‘प्रायमरी आउटकम’ ही ओळ आधी शोधायची. प्रस्ताव कितीही जाड असो, शेवटी काय मोजून औषधाला पास किंवा नापास करायचं हे त्या एका ओळीत ठरलेलं असतं.

स्प्रिफर्मिन या औषधाचं उदाहरण घेऊ. गुडघ्याची झीज झालेल्या ५४९ जणांवर त्याची ट्रायल झाली आणि २०१९ साली ‘जामा’ या अमेरिकन नियतकालिकात तिचे निकाल आले. औषध गुडघ्यात इंजेक्शननं द्यायचं आणि दोन वर्षांनी एमआरआयवर कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या गुळगुळीत आवरणाची, जाडी मोजायची, असा बेत होता. सर्वांत मोठा डोस मिळालेल्यांची कूर्चा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन, मिळालेल्यांपेक्षा सरासरी ०.०५ मिलिमीटरनं जाड भरली. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक योगायोगाचा नव्हता, म्हणजे ठरवलेल्या मापावर औषध पास झालं. मात्र दुखणं, आखडलेपणा आणि हालचाल यांच्या प्रश्नावलीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. कूर्चा वाढवणं ही शास्त्रासाठी छोटी गोष्ट नाही, कित्येक वर्षं ती अशक्य मानली जात होती, आणि त्या संशोधकांनी दोन्ही निकाल प्रामाणिकपणे छापले. तरीही जिना चढताना कठडा धरणाऱ्या बाईला त्या ०.०५ मिलिमीटरचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

आता दुसरी बाजू, कारण ती खरोखरच भक्कम आहे. २०१७ साली त्याच नियतकालिकात गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याबद्दलचा अभ्यास आला. १४० जण, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, दोन वर्षं. निम्म्यांना ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं सलाइन. दुखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. एमआरआयनं मात्र दाखवलं की स्टेरॉइडच्या गटात कूर्चा ०.२१ मिलिमीटरनं झिजली होती आणि सलाइनच्या गटात ०.१० मिलिमीटरनं. आपल्याकडे असं इंजेक्शन घेतलेला एक तरी माणूस जवळपास प्रत्येक सोसायटीत भेटतो. फक्त ‘दुखतं का?’ एवढंच विचारत बसलो असतो, तर हे नुकसान कुणाला कळलंच नसतं.

आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची गोष्ट याहून ठळक आहे. आधीच्या पिढीतल्या अनेक बायकांनी वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढले. दुखणं दबलं, बोटं वाकडी होत गेली. आत हाड कुरतडलं जात होतं आणि ते एक्स-रेवर दिसत होतं. १९७१ साली जॉन शार्प यांनी हाताच्या एक्स-रेवर गुण द्यायची पद्धत आखली, पुढे १९८९ मध्ये नेदरलँड्सच्या देझिरे फान देर हेइडे यांनी ती सुधारली. हातापायांचे ठरलेले सांधे, प्रत्येकात हाड किती कुरतडलं आणि सांध्यातली फट किती अरुंद झाली याचे गुण, एकूण जास्तीत जास्त ४४८. फिल्म वाचणाऱ्याला पेशंट कोण, औषध कुठलं, हे माहीत नसतं. या पद्धतीमुळे २००० साली इन्फ्लिक्सिमॅब या जैविक, म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेल्या, औषधाच्या ४२८ रुग्णांच्या ट्रायलमध्ये कळलं, की आमवातात नेहमी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या जोडीला हे औषध दिलं तर हाडांचं नुकसान थांबतं. पुढे त्याच माहितीचं विश्लेषण झालं तेव्हा ज्यांची सूज आणि दुखणं फारसं हटलं नव्हतं त्यांच्यातही नुकसान रोखलं गेल्याचं दिसलं. इथे चित्रानं भविष्य सांगितलं. कुरतडलेलं हाड सहसा भरून येत नाही आणि ते पुढे हाताची पकड घालवतं, हे वर्षानुवर्षं रुग्णांचा पाठपुरावा करून दाखवलेलं आहे. चित्र आणि जगणं यांच्यातला दुवा पक्का झाल्यामुळेच इथे त्या चित्राला मान आहे.

चित्राचा आग्रह धरणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा असतो. रुग्णाचं सांगणं आशेनं रंगतं. नवं औषध मिळतंय, तज्ज्ञ वेळ देऊन तपासतायत, एवढ्यानंही दुखणं कमी वाटतं. गुडघ्याच्या ट्रायलमध्ये नुसत्या सलाइननंही बऱ्याच जणांना आराम पडतो. हे सगळं मान्य. पण याच्यावरचा उपाय म्हणून तर प्लासिबोचा गट असतो आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टर-पेशंट दोघांपासून लपवलेलं असतं. आशा दोन्ही गटांत सारखीच असते, ती वजा करून उरतं ते औषधाचं. ‘तुम्हाला बरं वाटतं का?’ हा प्रश्न विचारणं अवघड आहे म्हणून तो सोडून दुसरंच काही मोजायचं, हे मला पटत नाही. वर्गातही असंच होतं. जे मोजायला सोपं ते परीक्षेत येतं आणि परीक्षेत येतं तेच शिकवलं जातं.

मापांबद्दलचा हा वाद सांध्यांच्या संशोधकांनी फार पूर्वी मनावर घेतला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. १९९२ साली मास्ट्रिख्टमध्ये ‘ओमेरॅक्ट’ नावाचा गट जमला. संधिवाताच्या ट्रायलमध्ये काय मोजायचं यावर एकमत करणं एवढंच त्याचं काम. १९९८ मध्ये त्यांनी प्रत्येक मापाला तीन प्रश्न विचारायचं ठरवलं. हे माप जे मोजतो असं म्हणतं तेच मोजतं का? वेगळ्या अवस्था ते वेगळ्या ओळखतं का? आणि ते प्रत्यक्षात वापरणं परवडतं का? नंतर ही चौकट वाढली, बारीक झाली, पण गाभा हाच राहिला. चित्राला हे तिन्ही प्रश्न आपण आपल्या गावात उभं राहून विचारायला हवेत.

पहिला प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा कमरेचा एमआरआय काढला. मणक्यांमधल्या सगळ्या गाद्या ठीक निघाल्या त्या फक्त ३६ टक्क्यांच्या. २०१२ मध्ये फ्रेमिंगहॅम शहरातल्या पन्नाशीपुढच्या ७१० जणांचे गुडघे तपासले. या सगळ्यांचा एक्स-रे स्वच्छ होता, तरी ८९ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये काही ना काही बिघाड सापडला, आणि तो ज्यांचे गुडघे दुखत नव्हते त्यांच्यातही भरपूर होता. २०१८ चा एक अभ्यास अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसच्या जातीच्या आजाराबद्दल आहे. या आजारात पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडाला जोडतो त्या सांध्यांना सूज येते आणि एमआरआयवरची ती सूज निदानात मोठा पुरावा मानली जाते. त्या अभ्यासात ४७ निरोगी माणसांपैकी ११ जणांचा एमआरआय ‘पॉझिटिव्ह’ निघाला. नियमित धावणाऱ्या २४ जणांपैकी तिघांचा निघाला. बाळंतपणानंतर कंबर दुखणाऱ्या सात जणींपैकी चौघींचा निघाला. सात हा आकडा लहान आहे, त्यावर मोठी इमारत बांधता येणार नाही. पण आपल्याकडे बाळंतपणानंतरची कंबरदुखी किती सर्रास आहे हे आठवलं की तो आकडा मनातून जात नाही. अशा एखादीला चुकून ट्रायलमध्ये घेतलं आणि काही महिन्यांनी ती सूज आपोआप ओसरली, तर श्रेय कुणाला जाईल?

या अभ्यासांतून मला एक साधी गोष्ट दिसते. आजारी माणसाच्या चित्रात काय आहे हे समजण्याआधी निरोगी माणसाच्या चित्रात काय असतं ते माहीत असावं लागतं. आणि निरोगी माणूस सगळीकडे सारखा नसतो. याचा चांगला पुरावा चीनमधून आला आहे. बीजिंगमधल्या वयस्क लोकांचे एक्स-रे काढून त्यांची तुलना अमेरिकेशी केली तेव्हा दिसलं, की तिथे खुब्याच्या सांध्याची झीज गोऱ्या अमेरिकनांपेक्षा कितीतरी कमी आहे आणि बायकांच्या गुडघ्यांची झीज मात्र फ्रेमिंगहॅमच्या बायकांपेक्षा जास्त आहे. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसण्याशी गुडघ्याच्या झिजेचा संबंधही त्याच संशोधनात पुढे आला. आता आपल्याकडे बघू. तुर्भ्याच्या बाजारसमितीत पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगार. दिवाळे कोळीवाड्यात उकिडवं बसून मासळी निवडणारी मावशी. दिव्याहून रोज लोकलला लटकत जाणारा मुलगा. आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून जेवलेले आणि भारतीय पद्धतीचा संडास वापरलेले आजी-आजोबा. यांच्यातल्या निरोगी, न दुखणाऱ्या गुडघ्यांचा, मनगटांचा, कमरेचा एमआरआय कसा दिसतो? वयाच्या तिशीत, पन्नाशीत, सत्तरीत किती टक्के लोकांत ‘बिघाड’ असतो? हे आपल्या माणसांवर मोजून ठेवलेलं हवं, आणि ते कोण्या औषध कंपनीच्या सोयीसाठी नव्हे, सार्वजनिक पैशातून.

हे आवाक्याबाहेरचं नाही. महाराष्ट्रानं असं काम आधी केलेलं आहे. १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं भिगवणला घरोघर जाऊन लोकांना सांध्या-स्नायूंच्या दुखण्याबद्दल विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमातलं ते भारतातलं काम देशात-परदेशात नावाजलं गेलं. तिथे महागडं यंत्र नव्हतं, माणसं माणसांशी बोलत होती. त्याच धर्तीवर ठाणे जिल्ह्यात निरोगी स्वयंसेवकांच्या चित्रांचा संग्रह उभारता येईल. कोळीवाडा, माथाडी वस्ती, आयटी पार्क आणि शहापूर-मुरबाडचे पाडे, एवढं वेगवेगळं जगणं एकाच जिल्ह्यात सापडणं ही संशोधनासाठी मोठी सोय आहे. काळजी एकच घ्यायची. निरोगी माणसाच्या हातात ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’, म्हणजे झिजेच्या खुणा, असं लिहिलेला रिपोर्ट नुसता ठेवला, तर उद्यापासून त्याची कंबर दुखायला लागेल. त्याला काय सांगायचं, कसं सांगायचं, कधी सांगायचं हे आधी ठरवून मगच यंत्रात झोपवायचं.

दुसरा प्रश्न बारकावा टिपण्याचा. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण मोजमापातली चूक हा माझा आयुष्यभराचा विषय. टोफासिटिनिब हे आमवाताचं औषध आता भारतात जेनेरिक रूपातही मिळतं. २०१३ मध्ये छापलेल्या त्याच्या एका ट्रायलमध्ये सहा महिन्यांनी एक्स-रेचे गुण मोजले. प्लासिबोच्या गटात सरासरी ०.४७ गुणांनी नुकसान वाढलं, पाच मिलिग्रॅमच्या गटात ०.१२ नं, दहा मिलिग्रॅमच्या गटात ०.०६ नं. दहाचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला, पाचचा उतरला नाही. हे सगळं ४४८ गुणांच्या पट्टीवर चाललं आहे, हे लक्षात घ्या. तुर्भ्याच्या बाजारात पोती तोलायच्या काट्यावर केशर तोलण्यासारखं हे आहे. आजच्या ट्रायलमध्ये रुग्ण लवकर येतात, मेथोट्रेक्सेट आधीच चालू असतं, प्लासिबोवालेही फार काळ विनाऔषध ठेवले जात नाहीत, आणि हे चांगलंच आहे. पण त्यामुळे नुकसान इतकं हळू होतं, की बहुसंख्य रुग्णांची फिल्म जशीच्या तशी राहते आणि सरासरी हलते ती मोजक्या लोकांमुळे. दोन वाचणाऱ्यांच्या मतांतला फरक त्या सरासरीपेक्षा मोठा असू शकतो. मधूनच ट्रायल सोडून गेलेल्यांचे गुण कुठल्या पद्धतीनं अंदाजायचे, यावरही निकाल हलतो. एके काळी उत्तम काम केलेलं माप आज कमी पडतंय, कारण उपचारच सुधारले.

सोनोग्राफीत आणखी वेगळ्या अडचणी आहेत. पॉवर डॉपलर सांध्याच्या अस्तरातला रक्तप्रवाह रंगात दाखवतो. जितका रंग जास्त, तितकी सूज जागी. शून्य ते तीन असे गुण देतात. तंत्र सुंदर आहे, पेशंटला पडद्यावर स्वतःचा सांधा दिसतो, रेडिएशन नाही. पण प्रोब किंचित जोरात दाबला की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि रंग नाहीसा होतो. यंत्र किती संवेदनशील, सेटिंग काय, हात कसा ठेवला, खोली किती गार, या सगळ्यानं रंग बदलतो. वाशीतल्या एसी खोलीत तपासलेलं मनगट आणि मे महिन्यात कळव्याला पंख्याखाली तपासलेलं मनगट यांची तुलना करायची, तर खोलीचं तापमान, यंत्र आणि तपासणारे हात तिन्ही लिहून ठेवावे लागतील. चांगल्या संशोधनात हे करतात, वाचणाऱ्यांना प्रशिक्षण देतात, तीच चित्रं पुन्हा वाचायला देऊन त्यांचं स्वतःशी आणि एकमेकांशी किती जुळतं ते तपासतात. म्हणून अशा प्रस्तावात ‘सोनोग्राफी केली जाईल’ एवढ्याच वाक्यावर समितीनं समाधान मानू नये.

माप चुकलं तर तोटा नुसता शोधनिबंधापुरता राहत नाही. जे संशोधनात यशाचं माप ठरतं ते काही वर्षांत दवाखान्यात उपचाराचं लक्ष्य बनतं. डेन्मार्कमध्ये नेमकी हीच कल्पना तपासली गेली आणि २०१९ मध्ये तिचे निकाल आले. आमवात आटोक्यात असलेले २०० रुग्ण घेतले. निम्म्यांचा उपचार नेहमीसारखा, तपासणी आणि रक्त बघून. उरलेल्यांत एमआरआयवर हाडातली सूज दिसली की औषध वाढवायचं, पेशंटला काही होत नसलं तरी. दोन वर्षांनी आजार शांत होता तो एमआरआय गटात ८५ टक्क्यांचा, दुसऱ्या गटात ८८ टक्क्यांचा. एक्स-रेवर नुकसान न वाढलेले ६६ आणि ६२ टक्के. या दोन्ही मुख्य मापांवर खऱ्या अर्थानं फरक नव्हता. गंभीर दुष्परिणामांच्या घटना मात्र एमआरआय गटात १७ होत्या, दुसऱ्यात ६. काही दुय्यम मापांत एमआरआय गट पुढे होता, हेही सांगायला हवं. नॉर्वेत सोनोग्राफी बघून उपचार ठरवण्याचा असाच अभ्यास झाला, त्याचा निकाल २०१६ मध्ये आला आणि तिथेही सोनोग्राफीनं मुख्य मापावर जास्तीचा फायदा दिला नाही. या दोन देशांनी ही कल्पना आधी तपासून पाहिली याचं मोल मोठं आहे. चित्र स्वच्छ करण्यासाठी औषध वाढवायचं, तर त्या औषधाचा खर्च, क्षयरोगाचा धोका, यकृताच्या चाचण्या हे सगळं पेशंटच्या वाट्याला येतं. आपल्याकडे क्षय अजून घरोघरी आहे. जैविक औषधांनी सुप्त क्षय जागा होऊ शकतो, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी त्याची तपासणी करतात. डेन्मार्कमध्ये जी जोखीम घेता येते ती मुंब्र्यात किंवा दिघ्यात तेवढीच राहील असं गृहीत धरता येत नाही.

तिसरा प्रश्न परवडण्याचा. तो मी थोडक्यात आटोपते. ट्रायल चालू असेपर्यंत एमआरआयचा आणि प्रवासाचा खर्च प्रायोजक देतो. ट्रायल संपल्यावर त्याच औषधाचा परिणाम तपासायला मुरबाडच्या बाईनं काही हजार रुपये आणि दिवसाची मजुरी कुठून आणायची? सोनोग्राफी स्वस्त, पण तिलाही आपल्याकडे एक वेगळा संदर्भ आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्यानुसार सोनोग्राफीचं यंत्र नोंदवावं लागतं, मग ते फक्त मनगटं बघायला ठेवलेलं का असेना. मुलींसाठी हा कायदा कडक हवाच, त्यात सूट मागणाऱ्यांतली मी नाही. पण परदेशी प्रस्तावात ‘संधिवाततज्ज्ञ ओपीडीत बसल्या बसल्या सोनोग्राफी करतील’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा इथल्या व्यवहाराचा विचार कुणीतरी केलेला असावा. संगणकानं, कृत्रिम बुद्धिमत्तेनं चित्र वाचलं की सगळे प्रश्न सुटतील असंही आता ऐकू येतं. संगणक तेच चित्र दहा वेळा दिलं तर दहा वेळा तोच आकडा देईल, हा मोठाच फायदा आहे. त्या आकड्याचा भाकरी थापण्याशी संबंध आहे का, हे तो सांगू शकत नाही.

मग मोजायचं काय? २००२ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या ओमेरॅक्टच्या बैठकीत पहिल्यांदा रुग्णांनाच सहभागी म्हणून बोलावलं. ते म्हणाले, तुम्ही सांधे मोजता, रक्त मोजता, पण आम्हाला सगळ्यात जास्त खातो तो थकवा, आणि तो तुमच्या यादीतच नाही. डॉक्टर इतकी वर्षं मोजत होते आणि हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पाच वर्षांत, २००७ पर्यंत, आमवाताच्या ट्रायलमध्ये थकवाही मोजावा अशी शिफारस झाली. त्याच २००२ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या कामकाजाच्या प्रश्नावलीचं भारतीय रूप तपासून प्रसिद्ध केलं. त्यात बारा प्रश्न आहेत. साडी किंवा पायजमा नीट नेसता-घालता येतो का, भरलेला पेला तोंडापर्यंत नेता येतो का, नळ उघडता-बंद करता येतो का, संडासात उकिडवं किंवा जमिनीवर मांडी घालून बसता येतं का, रिक्षात चढता-उतरता येतं का, भाजीबाजारात जाऊन खरेदी जमते का, तीन किलोमीटर चालता येतं का. हे प्रश्न विचारायला कागद, पेन आणि ऐकून घेणारा माणूस पुरतो. कूर्चेच्या मिलिमीटरइतकंच हेही शास्त्र आहे. याचीही विश्वासार्हता तपासलेली आहे, याचीही चूक मोजता येते.

म्हणून माझी मागणी चित्र काढून टाकण्याची नाही. आमवातात हाडांचं नुकसान मोजायला एक्स-रे हवा, स्टेरॉइडसारखं लपून होणारं नुकसान पकडायला एमआरआय हवा, आणि औषध नेमकं कुठे काम करतं हे समजायला लहान, सुरुवातीच्या अभ्यासांत चित्राइतकं जलद दुसरं काही नाही. पण ज्या मोठ्या ट्रायलवर औषधाची मान्यता अवलंबून आहे, तिथे रुग्ण काय करू शकतो आणि त्याला कसं वाटतं हे मुख्य माप असावं आणि चित्र त्याच्या जोडीला असावं. एकट्या चित्रालाच मुख्य माप करायचं असेल, तर प्रस्तावात तीन गोष्टी लिहून द्याव्यात: या चित्रातल्या किती बदलानं रुग्णाच्या जगण्यात फरक पडल्याचं कुठे दिसलं आहे, इथल्या निरोगी माणसांत हे चित्र कसं असतं, आणि वाचणाऱ्यांच्या चुकीपेक्षा अपेक्षित बदल मोठा आहे का. यातलं एक जरी उत्तर नसेल तर समितीनं प्रस्ताव परत पाठवावा. समितीतल्या सामान्य नागरिकाला हे विचारायचा पूर्ण अधिकार आहे, त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. संधिवाताचा एखादा रुग्णही माप ठरवण्याच्या टप्प्यावरच बोलावला गेला पाहिजे, सगळं ठरल्यावर सही करायला नव्हे.

आणि संमतीपत्रकात एक वाक्य सोप्या मराठीत, ठळक अक्षरांत यावं: ‘या अभ्यासात आम्ही तुमच्या सांध्याच्या चित्रातला बदल मोजणार आहोत. चित्र सुधारलं तरी तुमचं दुखणं किंवा चालणं सुधारेलच असं नाही.’ हे वाक्य वाचून काही जण मागे फिरतील, ट्रायलला माणसं मिळायला वेळ लागेल, अशी भीती घातली जाते. वेळ लागू दे. ठाण्या-नवी मुंबईतले जे लोक आपला गुडघा, आपलं मनगट, आपले दोन वर्षांचे दिवस देणार आहेत, त्यांना कशासाठी देतोय हे कळायलाच हवं.

घरातल्या कुणाला अशा ट्रायलमध्ये बोलावलं असेल तर सही करण्यापूर्वी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीच्या संकेतस्थळावर जा. १५ जून २००९ पासून प्रत्येक ट्रायल तिथे नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती माहिती सगळ्यांसाठी खुली असते. त्यात ‘प्रायमरी आउटकम’चा रकाना शोधा. तिथे चित्राचा आकडा लिहिलेला असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हा आकडा बदलला की माझ्या आईला काय करता येऊ लागेल, असं विचारा.